शिवणीच्या आतला रंग

माझ्या कामाचा नमुना दाखवा म्हणालात, तर मी तुमच्या तळहातावर अडीच इंचांची एक वस्तू ठेवीन आणि म्हणेन, जपून, टोचेल. लांब दांड्याचा एक गळ. त्यावर चांदीची जर घट्ट गुंडाळलेली. वर कोंबड्याच्या पाठीवरची चार लांब पिसं, खाली हरणाच्या शेपटीचे थोडे पांढरे केस आणि तोंडाशी दोन्ही बाजूंना एकेक डोळा. पाण्याबाहेर ती एखाद्या हौशी बाईच्या ब्रोचसारखी दिसते. पाण्यातून ओढली की पिसं अंगाला चिकटतात, जर चमकते, आणि घाबरून पळणारा छोटा मासा तयार होतो. मग ट्राउट नावाचा मोठा मासा त्याच्यामागे धावतो आणि फसतो. इंग्रजीत या वस्तूला स्ट्रीमर म्हणतात. मी चार वर्षं पोटासाठी स्ट्रीमर बांधले आणि पुढे सवयीनं.

यंदा आपल्या अंकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला, "काका, सांता क्लाराहून कॉम्प्युटरवाल्यांचे तीन लेख आलेत, तुम्ही काहीतरी वेगळं द्या ना." वेगळं हवं असेल तर घ्या. माझ्या वयाच्या मराठी माणसांत हा धंदा केलेला दुसरा कुणी मला अजून भेटलेला नाही, आणि भेटेल असंही वाटत नाही.

मी मूळचा इचलकरंजीचा, रंगाचा माणूस. कापड रंगवण्याचं शास्त्र मुंबईत शिकलो आणि तिथून थेट मेन राज्यातल्या एका लोकरीच्या मिलमध्ये रंगखात्याचा प्रमुख होऊन आलो. मेन म्हणजे अमेरिकेचा ईशान्य कोपरा. झाडं, तळी आणि सहा महिने बर्फ. आमच्या गावापासून शंभर मैलांत मराठी बोलणारं एकच घर होतं आणि ते आमचं होतं. मी, बायको नलिनी आणि मुलगी मेधा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली. नलिनी एम.एस्सी. झालेली, तिला न्यू जर्सीत, प्रिन्स्टन जंक्शनजवळच्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. मेधाच्या शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत त्या दोघींनी पुढे जायचं आणि घर विकलं की मी मागून जायचं, असं ठरलं. पण ज्या गावातली मिल बंद पडलीय त्या गावात घर कोण विकत घेणार?

दर रविवारी सकाळी अकराला मी वेस्ट विंडसरच्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये फोन करायचो. आधी मेधा यायची. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मग नलिनी. तिचा एक प्रश्न ठरलेला असे, "घराचं काही?" माझं उत्तरही ठरलेलं, "अजून नाही." पहिली दोन वर्षं दिवाळीला जाऊन आलो. मग दुकानातल्या हिवाळी ऑर्डरी सुरू झाल्या आणि तेही राहिलं.

आता खरं सांगून टाकतो. पहिल्या वर्षी घर विकलं जावं असं मला मनापासून वाटत होतं. दुसऱ्या वर्षी तितकंसं वाटेना. न्यू जर्सीत मी दोन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. माझ्या निम्म्या वयाच्या पोरांनी मला रंगाबद्दल प्रश्न विचारले आणि कळवतो म्हणाले. तिथल्या मंडळाच्या कार्यक्रमात माझी ओळख 'हे नलिनीताईंचे मिस्टर' अशी करून दिली गेली. इकडे गावात निदान मी कुणाचा मिस्टर नव्हतो. तिसऱ्या हिवाळ्यात अंगणातली 'घर विकणे आहे' ही पाटी वाऱ्यानं पडली. मी ती उचलून तळघरात ठेवली आणि परत लावली नाही. नलिनीला सांगितलं नाही.

दुकानाची गोष्ट अशी. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अर्ल नावाच्या एका साठीच्या माणसाचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. हा माणूस शब्द जपून वापरायचा. मिलमधले उरलेले रंग कुणाला हवेत का, हे विचारायला मी तिथे गेलो. अर्ल त्या वेळी मागच्या मोरीत पिसं रंगवत होता आणि ती डागडागाची निघत होती. मी न राहवून म्हणालो की पीस म्हणजे लोकरीचं भावंडच, पाणी उकळू देऊ नका आणि व्हिनेगर शेवटी घाला. त्यानं हातातला चमचा माझ्याकडे दिला. मुलाखत संपली.

पुढच्या महिन्यात त्यानं मला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं. समोर टेबलाला एक छोटा चिमटा घट्ट बसवलेला होता, त्यात गळ पकडायचा आणि रेशमासारख्या बारीक दोऱ्यानं एकेक वस्तू त्यावर बांधत जायची. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. मेलेल्या कोंबड्याचं पिसांसकट कातडं पहिल्यांदा हातात आलं, तेव्हा मी तीनदा हात धुतले. आईला पत्रात लिहिलं, 'पिसांच्या कलाकुसरीच्या दुकानात काम मिळालं आहे.' यात खोटं काही नव्हतं.

माझा पहिला स्ट्रीमर मला फार सुंदर वाटला होता. भरगच्च पिसं, वर मोरपंखी झाक. अर्लनं तो पाण्यानं भरलेल्या काचेच्या बरणीत सोडला. तो कुशीवर पडून राहिला. अर्ल म्हणाला, निम्मं काढ, मग अजून थोडं काढ. हे शिकायला मला एक आख्खा हिवाळा लागला. टेबलावर शोभून दिसणारा स्ट्रीमर गिऱ्हाइकाला फसवतो आणि पाण्यात हलणारा माशाला, आणि अर्लच्या दुकानात दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं होती. बॉस्टनचा एक दातांचा डॉक्टर दर उन्हाळ्यात दोन डझन न्यायचा. तिसऱ्या वर्षी कळलं की तो ते काचेच्या चौकटीत लावून दवाखान्यात टांगतो, एकही ओला झालेला नाही. एक बाई आपल्या पूडल कुत्र्याचे विंचरून काढलेले केस पिशवीत घेऊन आल्या. नवऱ्याच्या वाढदिवसाला याचाच फ्लाय, म्हणजे असा पिसाकेसांचा गळ, बांधून द्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात हसत बांधून दिला. महिन्याभरानं त्या फोटो घेऊन आल्या. हातभर मासा आणि त्याच्या जबड्यात तो पूडल. माझ्या उत्तम कामाचा असा फोटो त्यानंतरही कधी कुणी आणला नाही.

त्या दुकानात माझ्या देशातलं आणखी एक जण होतं. स्ट्रीमरच्या डोळ्याला सगळ्यात उत्तम पीस रानकोंबड्याच्या मानेचं. काळं पीस आणि त्यावर मेणासारखा चकचकीत पिवळसर ठिपका. अर्लनं एक दिवस कुलूपबंद खणातून एका पक्ष्याची जुनी मान काढून दाखवली आणि मी ओळखली. राधानगरीला मामाकडे सकाळी बांबूच्या बेटातून त्याची बांग ऐकू यायची. त्याची पिसं बाहेर देशी न्यायला केव्हाच बंदी झाली होती, त्यामुळे ती एक मान संपली की संपली. अर्ल ती खास माणसांसाठीच काढायचा. सह्याद्रीतून निघून मेनमध्ये येऊन पडलेले आम्ही दोघंच. तो कुलपात होता आणि मी खिडकीत, एवढाच फरक. हे हसून लिहितोय, पण तेव्हा मी ती मान बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

चौथ्या वर्षी मार्चच्या शेवटी वॉल्टर हॅस्केल दुकानात आले. ऐंशीच्या घरातले. शहरातल्या लोकांना तळ्यावर मासेमारीला नेण्यात त्यांचा जन्म गेला होता. एरवी ते ट्रकमध्येच बसून राहायचे आणि अर्ल सामान बाहेर नेऊन द्यायचा. कारण मी बसत होतो ती खुर्ची त्यांच्या बायकोची होती. आयरीन. कितीतरी हिवाळे तिनं त्या खिडकीत बसून दुकानासाठी फ्लाय बांधले होते. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ते आत आलेले नव्हते. त्या दिवशी आले, माझ्यासमोर तंबाखूची एक डबी ठेवली आणि उघडली.

आत एक स्ट्रीमर होता. त्याची जर काळवंडलेली, पिसं फिकट अबोली. हा प्रकार आयरीननं दुकानासाठी कधी बांधला नाही, फक्त नवऱ्यासाठी बांधला. ती बांधायची आणि ते माशांच्या तोंडात आणि झाडांच्या फांद्यांत हरवायचे. हा शेवटचा. ती गेल्यावर त्यांनी तो स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या पडद्याला टोचून ठेवला होता. आता त्यांची दृष्टी जात चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढच्या वसंतात तळं दिसेलच असं नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला तळ्यावरचा बर्फ फुटतो. त्या आठवड्यात बोटाएवढे चंदेरी मासे काठाकडे येतात आणि उपाशी ट्राउट त्यांच्या मागे येतात. स्ट्रीमरचा खरा मोसम तोच. त्या आठवड्यात त्यांना आयरीनचा स्ट्रीमर लावून एकदा शेवटचं तळ्यावर जायचं होतं. पण शेवटचा स्ट्रीमर हरवायचा नव्हता. त्यांच्या तोंडी स्ट्रीमर नेहमी 'ती' असायची. म्हणाले, "ही बघून घे आणि अशाच तीन बांध."

ते गेल्यावर अर्ल म्हणाला, भिंग लावून काय बघायचं ते बघ, पण तिला ब्लेड लावू नकोस. तो काय म्हणाला ते मला नीट समजलं होतं. मला एवढंच वाटलं की हा मासेमारीतला माणूस, याला रंगातलं काय कळतं.

इथे आमच्या जुन्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. मिलमध्ये गिऱ्हाईक जुना कोट आणून म्हणतं, अगदी असा रंग द्या. तेव्हा रंगवाला कोटाची बाहेरची बाजू बघतच नाही. तो शिवण उसवतो आणि आत दुमडलेलं कापड बघतो, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं. शिवणीच्या आतला रंग खरा. इचलकरंजीत माझ्या पहिल्या उस्तादांनी हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसवलं होतं की नमुना हातात आला की माझा हात आपोआप कात्रीकडे जायचा. वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नव्हती.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरा कागद पसरला आणि ब्लेडचं टोक लावलं. तोंडावरचं व्हार्निश सुटलं. दोरा उलगडायला लागलो तर तो उलट्या दिशेनं गुंडाळलेला निघाला. आयरीन डावखुरी होती. मी एकेक वेढा मोजून लिहून ठेवत होतो. डोळ्याच्या पिसाला अगोदर दोन वेढे आणि मग एक सैल. जरीचे वेढे शेपटीकडे जवळ जवळ, तोंडाकडे थोडे लांब. एका जागी दोरा तुटून परत जोडला होता, कदाचित कुणी हाक मारली असेल. त्या घरात गेली चार वर्षं माझ्याशिवाय कुणाचा हात कशाला लागलेला नव्हता. त्या सकाळी दुसरं कुणीतरी टेबलाशी बसलंय असं मला वाटत होतं आणि मला ते फार आवडलं.

शेवटचे वेढे काढले तेव्हा त्यांच्याखाली दबलेली पिसांची मुळं उघडी पडली. शेंदरी. भडक, लखलखीत शेंदरी, मारुतीच्या अंगावर असतो तसा. मी एकटाच मोठ्यानं "वा!" म्हणालो. मग पातेलं चढवलं. नारिंगीत किती लाल, व्हिनेगर किती, ओलं पीस गडद दिसतं म्हणून वाळवून परत बघायचं, खिडकीत नेऊन परत बघायचं. पाचव्या पिसाला रंग हुबेहूब जुळला. घड्याळ बघितलं तर अडीच वाजले होते. अकराचा फोन राहिला होता.

लगेच फोन केला, कुणी उचलला नाही. संध्याकाळी मेधा भेटली. म्हणाली, "इट्स ओके बाबा. वी वेंट टू ओक ट्री रोड." तिकडे आयसेलिनला आपल्या वाणसामानाचं एक दुकान निघालं होतं, शनिवार-रविवारी त्या दोघी तिथे जायच्या. नलिनी फोनवर आली तेव्हा मी तिला शिवणीची, शेंदरीची सगळी हकिकत उत्साहानं सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि विचारलं, "घराचं काही?" मी म्हणालो, मार्केट डाउन आहे.

एप्रिलच्या मध्यावर वॉल्टर आले. मी पांढऱ्या कागदावर तीन स्ट्रीमर ओळीनं मांडून ठेवले होते. इतकं चांगलं काम मी तोवर केलं नव्हतं. वेढ्यांची संख्या तीच, दिशा तीच, रानकोंबड्याचे डोळेही अर्लकडून मागून घेतले होते. वॉल्टरनी एक उचलला, अगदी डोळ्याजवळ नेला, मग खिडकीशी गेले आणि बराच वेळ उजेडात धरून उभे राहिले. कौतुक कोणत्या शब्दांत होतंय याची मी वाट बघत होतो.

"माझी कुठेय?" ते म्हणाले.

मी पाकीट पुढे केलं. त्यात एक उघडा गळ, दोऱ्याचा गुंता, जरीचा तुकडा आणि चिठ्ठ्या लावून क्रमानं ठेवलेली पिसं होती. एक डोळा सोडवताना चिरला होता. रंग कसा सापडला हे मी सांगायला लागलो. अर्ल मागे उभा होता.

वॉल्टरनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बांधली तेव्हा अशीच होती, बरोबर आहे तुझं. मग आयरीन गेली. अकरा वर्षं मी रोज सकाळी कॉफी घेताना हिच्याकडे बघत आलोय. हळूहळू उतरत गेली. मला ती हवी होती." मग हातातला शेंदरी स्ट्रीमर त्यांनी परत कागदावर ठेवला. "हिचाही रंग उतरेल. पण मला तेवढा वेळ नाही."

पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवून ते निघून गेले. अर्ल मागच्या खोलीत जाऊन खोकी लावत बसला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन आठवडे मला दुसरं काही सुचेना. काम करायचो आणि संध्याकाळी रिकाम्या घरी जायचो. ज्या टेबलावर मी त्या बाईच्या हातचं शेवटचं काम उसवलं, त्याच टेबलावर जेवायचो. कुणाला सांगावं असं माणूस नव्हतं. नलिनीला सांगता आलं असतं, पण थोड्याच दिवसांपूर्वी मी तिच्यापुढे फुशारकी मारली होती.

एका सकाळी मी अर्लकडे रानकोंबड्याचं आणखी एक पीस मागितलं, कशाला ते सांगितलं. त्यानं खणाचं कुलूप काढलं आणि उरलेल्यांतलं सगळ्यात चांगलं पीस निवडून माझ्या हातावर ठेवलं. मी टेबलाचा चिमटा सोडवून घेतला आणि वॉल्टरच्या घरी गेलो. दारातच म्हणालो की पाकीट द्या, तुमच्या समोर बसून होती तशी बांधायचा प्रयत्न करतो. जमेलच असं सांगत नाही. त्यांनी मला आत घेतलं.

स्वयंपाकघरात टेबलाला दोन खुर्च्या होत्या. मी उजेडातली ओढायला गेलो, तर ते थोडे थबकले. मग बस म्हणाले. ती आयरीनची होती. स्वतः ते माझ्या उजव्या हाताला बसले. "मी कायम इथेच बसायचो. ती डावखुरी, दुसऱ्या बाजूला बसलं की जेवताना कोपरं लागायची."

जुनी पिसं उलट्या वेढ्यांना सरावलेली होती, दुसरीकडे वळवली की उभी राहायची. म्हणून तसेच उलटे वेढे घेत गेलो. एक पीस मुळाशीच मोडलं. चाराची तीन झाली. जरीचा तुकडा पुरला नाही, मध्ये फट राहिली. माझी चिठ्ठ्यांची टिपणं शेजारी होती, पण बऱ्याच ठिकाणी वॉल्टरच सांगत होते, इथे ती दोरा दातात धरायची, इथे थांबून चहा प्यायची. दुपारी बारापर्यंत झालं. ती जराशी एका कुशीवर कलली होती आणि नवा डोळा जुन्यापेक्षा जास्त चमकत होता. आयरीनची म्हणता आली नसती आणि माझीही नाही. त्यांनी ती बोटांनी चाचपली.

"वाकडी आहे," ते म्हणाले.

"हो."

"राहू दे." त्यांनी उठून ती पडद्याला, जुन्याच भोकात टोचली.

मी सामान आवरत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, घरी कोण असतं? मी नेहमीचं उत्तर दिलं. बायको आणि मुलगी न्यू जर्सीत आहेत, घर विकेपर्यंत मी इथे.

"मी रोज तुझ्या घरावरून जातो," वॉल्टर म्हणाले. "वर्षभर अंगणात पाटी नाही. तिला माहीत आहे?"

"नाही," मी म्हणालो.

बर्फ फुटल्यावर चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला होडीत बसवलं. मोटार मी चालवायची आणि ते दोरी सोडून बसणार. मी जन्मात गळ टाकला नव्हता. शेंदरी तिन्हींतली एक त्यांनी लावली. आयरीनच्या हिशेबानं रंग नवीनच हवा, मासे काही खिडकीत ठेवून बघत नाहीत, असं म्हणून ते स्वतःच हसले. पहिला ट्राउट लागला तो त्यांनी पाण्यातच सोडवला आणि जाऊ दिला. मला बरं वाटलं. दुसऱ्यानं हिसका दिला आणि स्ट्रीमर घेऊनच गेला. वॉल्टर तुटलेलं टोक बोटांत धरून म्हणाले, "आयरीन म्हणाली असती, गाठ तुझी सुटली, माझी नाही." आम्ही दुपारपर्यंत तळ्यावर होतो. परत येताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण झोपले नव्हते.

त्याच आठवड्यात मी तळघरातून पाटी वर आणली, पुसली आणि अंगणात ठोकली. उन्हाळा संपता संपता एका शिक्षक जोडप्यानं घर घेतलं. ते म्हणाले त्या भावाला मी हो म्हणालो. अर्लनं निरोपाला तो टेबलाचा चिमटा माझ्या हातात दिला. वॉल्टरना भेटून आलो, मग गाडीत सामान भरलं आणि दक्षिणेला निघालो.

वेस्ट विंडसरच्या अपार्टमेंटचं दार नलिनीनं उघडलं. तिला बघून तीन वर्षं होत आली होती. भांगाच्या दोन्ही बाजूंनी तिचे केस पांढरे झाले होते आणि डोळ्यांवर चष्मा होता. फोनवर आवाज तोच यायचा, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर ती अगोदरचीच होती. रंगाचा माणूस म्हणवणाऱ्या मला घरातला रंग बदलल्याचं कळलं नव्हतं. कधी पिकले, असं मी दारातच विचारलं.

"झालं की वर्ष-दीड वर्ष," ती म्हणाली. "असे उभे काय राहिलात, आत या. पोळ्या गार होतायत."

टेबलाला तीन खुर्च्या होत्या. मेधा माझ्या खांद्याला लागेल एवढी झाली होती. ती येऊन आपल्या खुर्चीवर बसली, नलिनी तिच्या. तिसऱ्या खुर्चीवर क्लॅरिनेटची पेटी, त्यावर वह्या, त्यावर टेलिफोन डिरेक्टरी. मी हातात पाण्याचा पेला घेऊन उभा राहिलो.

"इथे कोण बसतं?" मी विचारलं.

"नोबडी," मेधा म्हणाली. "वी जस्ट कीप स्टफ ऑन इट." मग तिच्या लक्षात आलं. घाईनं उठून तिनं सगळं उचललं आणि जमिनीवर ठेवलं.

मी बसलो. दोन घास झाले. वॉल्टरच्या त्या प्रश्नापासून जे सांगायचं ठरवलं होतं ते सांगून टाकलं. मार्केट डाउन नव्हतं. पाटी पडल्यावर मी ती परत लावलीच नव्हती, वर्षभर तळघरात होती.

"माहीत आहे," नलिनी म्हणाली. "मेधाच्या तिथल्या मैत्रिणीनं तेव्हाच पत्रात लिहिलं होतं, अंगणातली पाटी गेली, तुम्ही सगळे आता परत येणार आहात का म्हणून."

"मग विचारलं का नाहीस?"

"दर रविवारी विचारत होते," ती म्हणाली आणि माझ्या ताटात पोळी वाढली.